राग पॅट, ताल खोपोली लोकल

आपल्या भाषेत साध्या नाटकालाही 'प्रयोग'च म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचं संगीत नाटक असो की कालपरवाचा फार्स, जाहिरातीत 'आज रात्रौ प्रयोग' असंच छापून येतं. त्यामुळे 'प्रायोगिक नाटक' हा शब्द मला नेहमी 'पिवळा पीतांबर' या थाटाचा वाटत आलेला आहे. पण गंमत अशी, की त्याचा अर्थ सर्वांना बिनचूक कळतो. ज्यात खुर्च्या कमी, प्रेक्षक त्याहून कमी, आणि जे संपलं आहे हे दिवे लागल्याशिवाय कळत नाही, ते प्रायोगिक.

गाण्याच्या बाबतीत तर हा शब्द उच्चारायचीही सोय नाही. 'प्रायोगिक ध्वनिमुद्रिका' म्हटलं की घरातलं कुणीतरी उठून आधी खिडकी लावून घेतं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. आणि ती ध्वनिमुद्रिका गिटारची आहे म्हटल्यावर दारही लावून घेतं. कारण गिटार म्हणजे केस वाढवलेला, कॉलेजातून नाव काढलेला मुलगा, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत. त्या मुलांचे केस आता पूर्ण गेले, समजूत मात्र शाबूत आहे.

तर मी हे लिहितो आहे ते अशा दोन गिटारवाल्यांच्या दोन तबकड्यांविषयी. दोन्ही १९६७ सालच्या. एक मुंबईची, एक अमेरिकेची. एकीत डोंगरातलं खोरं आहे, दुसरीत आगगाडी आहे. आणि ज्या ठिकाणी बसून मी या दोन्ही ऐकतो, तिथे खोरं आणि आगगाडी या दोन्ही गोष्टी खिडकीबाहेर हजर आहेत. समीक्षकाला एवढी सोय सहसा मिळत नाही.

ते ठिकाण म्हणजे खालापूर. हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः मोटारीची काच खाली करण्याचं ठिकाण म्हणून ठाऊक. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरचा टोलनाका आमच्या नावाचा. फास्टॅग आल्यापासून काचही खाली होत नाही. लोक आम्हाला न पाहताच पैसे देऊन जातात. नोकरी संपल्यावर मुंबई सोडून मी इथे आलो तेव्हा मित्रांनी विचारलं होतं, "तिथे करणार काय?" मी म्हटलं, "ऐकणार." त्यांना वाटलं, बायकोचं. तेही खरंच आहे. पण माझ्या मनात तबकड्या होत्या.

पहिली तबकडी तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. निदान दंतवैद्याच्या खोलीत तरी तुम्ही ती ऐकली असेल. 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. मी ती पहिल्या पगारातून काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून घेतली. ते दुकान २०१६ साली बंद झालं; तबकडी अजून वाजते. एका इंग्रजी ग्रंथात मरण्यापूर्वी ऐकायलाच हव्यात अशा एक हजार एक ध्वनिमुद्रिकांत तिचा समावेश केलेला आहे. हे कळल्यापासून आमची ही ती लावू देत नाही. म्हणते, "उरलेल्या हजार ऐकून घ्या आधी, मग ही लावा. घाई कसली आहे?"

ही तबकडी काढली कुणी? एच.एम.व्ही.च्या जी. एन. जोशींनी. म्हणजे ज्यांनी ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेला आवाज दिला आणि मराठी भावगीताची तबकडी घरोघर नेली, तेच जोशी. १९३२ साली ज्यांनी रानातली शीळ तबकडीवर आणली, त्यांनीच पस्तीस वर्षांनी अख्खं खोरं तबकडीवर आणलं. एखाद्या माणसाला निसर्गाची एवढी ओढ असावी आणि नोकरी मात्र मुंबईतल्या बंद स्टुडिओत करावी लागावी, हे मराठी नशीब.

१९६७ साली हे तीन वादक किती वर्षांचे होते? शिवकुमार आणि हरिप्रसाद एकोणतीस, काब्रा तीस. आज आपण त्यांची नावं 'पंडित' लावून, पाठीला लोड लावून घेतो. तेव्हा ती तीन होतकरू पोरं होती. शिवाय तिघांची वाद्यं जरा खालच्या पंगतीतली. बासरी गुराख्याची. संतूर काश्मीरच्या सुफियाना मैफलींतलं. त्यात मींड निघत नाही म्हणून ते रागसंगीताला चालणारच नाही, असं जाणकारांनी तोंडावर सांगितलेलं. आणि गिटार तर परदेशी. तिची ओळख म्हणजे व्हॅन शिपले यांच्या तबकड्यांतल्या सिनेमाच्या धुना. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाला उशीर होत असला की त्या लावायच्या. थोडक्यात, ही मैफल म्हणजे पंगतीला न बसवलेल्या तिघांनी मिळून घातलेलं जेवण होतं. आणि ते असं जमलं, की पुढे पंगतच त्यांच्या घरी जाऊन बसली.

या तिघांपैकी संतूर आणि बासरी पुढे फार मोठी झाली. शिव-हरी या नावाने त्यांनी 'सिलसिला'पासून सिनेमालाही संगीत दिलं. गिटारचं मात्र तसं झालं नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली'त आणखी कोण होतं, असं विचारलं तर भलेभले रसिक छताकडे बघतात. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या शेजारी एक गृहस्थ उभे असतात, ते कुणाकडचे हे दोन्ही घरांना सांगता येत नाही, तशी काब्रांची गत झाली आहे. माझं म्हणणं असं, की तबकडीतला खरा प्रयोग या गृहस्थांनी केलेला आहे.

कसा, ते सांगतो. गिटारच्या मानेवर आडवे पडदे ठोकलेले असतात. सतारीचे पडदे उंच असतात. तार बाजूला ओढून दोन सुरांमधली वाट चालता येते. गिटारचे पडदे म्हणजे सरकारी जिन्याच्या पायऱ्या. या पायरीवर उभे राहा किंवा त्या पायरीवर, मध्ये तरंगायला फारशी परवानगी नाही. आणि आपलं सगळं गाणं तर मध्येच राहतं. दोन सुरांच्या मधल्या गल्लीतच त्याचं बिऱ्हाड. मग यावर उपाय काय? काब्रांनी गिब्सन कंपनीची एक मोठी गिटार घेतली, मांडीवर आडवी ठेवली, तारा पडद्यांपासून इतक्या उंच उचलल्या की पडदे नुसते शोभेला उरले, आणि डाव्या हातात पोलादाची दांडी घेऊन ती तारांवरून सरकवली. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. जोडीला चिकारीसारखी एक तार. पायऱ्या जागच्या जागी राहिल्या आणि जिन्याची घसरगुंडी झाली. आमच्या सोसायटीच्या जिन्यावर पावसाळ्यात हा प्रयोग मीही केलेला आहे; त्यातून राग निघाला नाही असं नाही, पण तो वेगळा.

दांडी सरकवण्याची ही युक्ती मूळची हवाई बेटांवरची. सांगतात असं, की जोसेफ केकुकू नावाचा अकराएक वर्षांचा मुलगा गिटार घेऊन रुळाकडेने चालला होता. त्याला एक बोल्ट सापडला, तो त्याने तारांवर टेकवला आणि त्यातून जो आवाज निघाला त्यापायी तो आयुष्यभर वेडा झाला. रेल्वेच्या रुळावर सापडलेल्या वस्तूचा इतका चांगला उपयोग केल्याचं दुसरं उदाहरण निदान मध्य रेल्वेवर तरी माझ्या पाहण्यात नाही. पुढे या हवाईयन गिटारवाल्यांचे ताफे जगभर हिंडले, कलकत्त्यालाही आले. तिथून ती गिटार बंगाल्यांच्या दिवाणखान्यांत शिरली, आणि कलकत्त्यालाच ती जोधपूरच्या या तरुणाच्या नजरेला पडली.

काब्रा शिकले होते भूगर्भशास्त्र. म्हणजे दगडाला पाझर फोडण्याचं रीतसर शिक्षण. घरात वडील सतारीचे शिष्य, भाऊ सरोदिया. अशा घरात मुलाने गिटार आणली. वडिलांनी काय करावं? आपल्याकडे अशा प्रसंगी वडील एक तर वाद्य फोडतात किंवा मुलाचं लग्न ठरवतात. या वडिलांनी वचन मागितलं, की वाजवायचं असेल तर या वाद्यावर शास्त्रीयच वाजवशील. मुलाने वचन दिलं आणि पुढे अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली. मला या वचनात सगळ्या प्रकरणाचं मर्म दिसतं. प्रयोग म्हणजे वाटेल ते करायची मोकळीक, असं आपण धरून चालतो. इथे प्रयोग सुरू झाला तो एक दार बंद करून. सिनेमाच्या धुना बंद, टाळ्या बंद, लग्नाचे हॉल बंद. उरला फक्त जिना, आणि त्याची घसरगुंडी करणं भाग पडलं. मोकळीक असती तर कदाचित व्हॅन शिपले यांच्या पंक्तीला आणखी एक पाट मांडला गेला असता.

आता तबकडीचे दोष. समीक्षेत दोष दाखवावे लागतात. नाहीतर लोक म्हणतात, यांना कळलेलं दिसत नाही. या तबकडीला एक कथा आहे. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटे अहिर भैरव, सकाळी नट भैरव, दुपारी पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. कल्पना सुरेख आहे. पण राग बिचारे सहा-सात मिनिटांत आवरतं घेतात. भूप म्हणजे पाव्हणा आला, चहा घेतला आणि 'गाडीची वेळ झाली' म्हणून उठला. दुसरं म्हणजे गोडवा. या खोऱ्यात दिवसभर एकही गोष्ट बिघडत नाही. मेंढरू हरवत नाही, पाय मुरगळत नाही. अशा दिवसाची कथा मेंढपाळाने सांगितली असती का, याबद्दल मला शंका होती.

म्हणून मी तज्ज्ञाला विचारलं. आमच्याकडे दूध घालणारे दादा डोंगरावरच्या धनगरवाड्यातले. आमच्या बाजूच्या धनगरांकडे मेंढरं नसतात, म्हसरं असतात. पण दिवसभर डोंगरात जनावरांमागे हिंडण्याचा अनुभव पिढीजात. एका रविवारी त्यांना बसवलं, चहा दिला, कथा समजावून सांगितली आणि पहिली बाजू लावली. दादांनी डोकं जरा कलतं करून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "भाऊ, ह्याला डेरीला दूध घालायचं न्हवतं काय?"

म्हटलं, "का?"

"न्हाई, लई निवांत चाललाय गडी."

मराठीत 'कॉल ऑफ द व्हॅली'वर आजवर झालेल्या समीक्षेत या वाक्याची बरोबरी करणारं वाक्य मी वाचलेलं नाही. ते मी इथे त्यांच्या नावाशिवाय पण त्यांच्या परवानगीने वापरतो आहे. मानधन म्हणून दुधाचं बिल वेळेवर देतो.

पण दादा उठले नाहीत. म्हणाले, "ते एक मधी मधी येतं, घसरत जाणारं, ते पुन्हा लावा." संतूर नव्हे, बासरी नव्हे, त्यांना गिटार हवी होती. मी पिन मागे नेली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "ही हाळी हाय."

हाळी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला किंवा जनावराला घातलेली लांब हाक. ती बोलण्यासारखी तुटक नसते आणि गाण्यासारखी सजवलेली नसते. आधी जोरात सुटते, मग घसरत खाली येते आणि विरता विरता पोचते. आता गिटारचा सूर पाहा. संतूरवर आघात झाला की सूर थेंबासारखा पडतो आणि फुटतो. त्याला चालवायचं तर थेंबांमागे थेंब पाडावे लागतात. बासरीचा सूर श्वासाने तोलून धरलेला असतो, फुंकर आहे तोवर तो राहतो. गिटारच्या सुराला एकदाच धक्का मिळतो, आणि मग तो विरत असतानाच दांडीबरोबर वाट चालतो. त्या चालण्यात त्याचं आयुष्य संपत असतं. पहिल्या धक्क्यातली शिदोरी संपायच्या आत त्याला पुढच्या सुरावर पोचायचं असतं. म्हणून तो ऐकताना काळजी वाटते, पोचेल ना? हाळी ऐकतानाही हीच काळजी असते. 'कॉल'ला मराठीत आम्ही शिकलेले लोक 'साद' म्हणतो. तबकडीचं खरं भाषांतर दूधवाल्याने केलं.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर हा लेख त्या तबकडीइतकाच गोड झाला असता. पण माझा भाचा अमेरिकेत ऑरेगन राज्यात असतो. त्याला मी फोनवर हे सगळं उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तू जॉन फाहीचा राग ऐकलायस का?"

"कुणाचा राग?"

"जॉन फाही. 'अ रागा कॉल्ड पॅट'. तोही सदुसष्टचाच."

आता आपल्याकडे राग पूर्वी आहे, राग पूरिया आहे, राग पटदीप आहे. पण राग पॅट? भूप गेला, देस गेला आणि पॅट आला! मी म्हटलं, "वेळ कोणती त्याची?" भाचा म्हणाला, "कुठलीही." तिथेच माझ्या मनात संशय आला. ज्या रागाला वेळ नाही, तो आमच्या हिचाच.

भाच्याने तो मोबाइलवर पाठवला. मी ऐकला आणि फोन बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघितलं, कारण खोपोली लोकल अवेळी आली असं वाटलं. पण ती गाडी फोनमधून येत होती. या गृहस्थाने गिटार वाजवता वाजवता मध्येच आगगाडीचे आणि रानातल्या पाखरांचे मुद्रित आवाज सोडले आहेत. मग गिटार, मग पुन्हा रान. पुढच्या वर्षी त्याने याच रागाचे आणखी दोन भाग काढले, म्हणजे पहिले दोन ऐकूनही त्याला कुणी अडवलं नव्हतं. रागाची चढण-उतरण शोधू गेलो तर आरोह थोडाफार सापडला. अवरोह बहुधा गाडीखाली आला असावा.

पण मग मी या फाहीची माहिती काढली आणि माणूस आवडत गेला. जन्म १९३९. १९५९ साली स्वतःच्या खर्चाने पहिली तबकडी काढली, प्रती शंभर. एका बाजूला स्वतःचं नाव आणि दुसऱ्या बाजूला 'ब्लाइंड जो डेथ' अशा कुणा आंधळ्या ब्लूज गायकाचं. हा गायक अस्तित्वातच नव्हता. दोन्ही बाजूंना वाजवणारा फाहीच. तो पेट्रोलपंपावर नोकरीला होता, तिथे येणाऱ्यांना प्रती विकायचा. काही प्रती तर जुन्या सामानाच्या दुकानांत गुपचूप ठेवून आला, कुणाला तरी सापडाव्यात म्हणून. मराठी कवी आपले संग्रह मित्रांच्या घरी विसरून येतात, ती परंपरा तिकडेही आहे हे पाहून बरं वाटलं.

त्याच्या वाजवण्याची तऱ्हा काब्रांच्या उलट. गिटार नेहमीसारखी पोटाशी धरलेली. अंगठा खालच्या जाड तारांवर आळीपाळीने एकसारखा चालतो, थांबत नाही. बाकीची बोटं वरच्या बारीक तारांवर चाल वाजवतात. एकच माणूस, पण ऐकताना दोघे-तिघे बसल्यासारखे वाटतात. तारा तो अशा जुळवतो की बोट न ठेवता छेडल्या तरी त्या एकमेकींशी सुसंवादी घुमाव्यात. हे ऐकून आपल्याला ओळखीचं काही आठवतं, आणि मग उजेड पडतो, की हा अंगठा म्हणजे तंबोरा आहे. तंबोऱ्याला चाकं लावली तर जे होईल ते. फाही लहानपणापासून रुळांच्या देशात वाढला. त्याच्या अंगठ्यात गाडी आधीच होती. ती पुन्हा बाहेरून आणून मुद्रित करण्याची काही गरज नव्हती. माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप हा, की राग पॅटमध्ये जिथे खरी गाडी येते तिथे बोटांतली गाडी लंगडते. आवाज वाढवला म्हणजे प्रयोग वाढत नाही.

आणखी एक नातं सापडलं. फाहीच्या टाकोमा कंपनीतून तबकड्या काढणारा रॉबी बाशो नावाचा दुसरा गिटारवाला अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेला. म्हणजे काब्रा आणि बाशो नात्याने गुरुबंधू! एकाने गिटार आपल्या घरात आणली, दुसऱ्याने आपलं गाणं तिच्या माहेरी नेलं. मधला व्याही एकच. या हिशेबाने राग पॅट हा आपला निदान चुलत पाहुणा ठरतो, आणि पाहुण्याला सरसकट वेडा म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तो गेल्यावर म्हणतात.

फाही २००१ साली गेला. शेवटची काही वर्षं त्याने ऑरेगनमध्ये स्वस्तातल्या मोटेलांत काढली, गिटार गहाण टाकली. मग लोकांना त्याची पुन्हा आठवण झाली आणि त्यांनी त्याच्याकडे जुनी, गोड वाजवणी मागितली. त्याने विजेची गिटार घेतली आणि त्यांना गोंगाट दिला. ही तऱ्हेवाईकपणाची कमाल आहे असं भाचाही म्हणाला. मला पूर्वी पटलं असतं. इथे राहायला लागल्यापासून तितकं पटत नाही, आणि त्याचं कारण संगीतातलं नाही.

१९ जुलै २०२३ ची रात्र आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी त्या रात्री दरडीखाली गेली. सत्तावीस देह हाती लागले. पन्नासाहून अधिक माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ठाकरांची वाडी. आमच्या बाजारात रानभाज्या घेऊन येणारी माणसं. खोरं हा शब्द त्या दिवसापासून आमच्याकडे सुट्टीच्या जाहिरातीतला राहिला नाही. नंतर पुष्कळ दिवस मी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली नाही. त्या तबकडीतल्या खोऱ्यात रात्र होते, देस वाजतो, आणि सगळे सुखाने पहाडीपर्यंत पोचतात. देस हा पावसाची आठवण देणारा राग. तो तसा निर्धास्तपणे ऐकवेना.

त्या दिवसांत मी राग पॅट पुन्हा लावला. आवडला असं म्हणणार नाही. पण तो ऐकवला. बाहेरचं जग आत घुसतं, गाणं मोडतं, गाडी जाते, आणि नंतर गिटार पुन्हा हळूहळू सूर जुळवू लागते. हे त्या वेळी खोटं वाटलं नाही. फाहीच्या आवाजांना कलाकुसर नसेल, पण त्यांना खिडकी आहे. जी. एन. जोशींच्या स्टुडिओला खिडकी नव्हती. तो काळ तसा, यंत्रं तशी, आणि उत्तम मुद्रणाची ती अटच होती.

म्हणून माझा निवाडा असा. प्रयोग म्हणून काब्रांचं काम मोठं, कारण त्यांनी बाहेरून काही आणून चिकटवलं नाही. वाद्यातलंच काही काढून घेतलं आणि रिकाम्या जागेत हाळी ऐकू आली. पडदे असून ते न वापरणं ही आयुष्यभराची मेहनत आहे. फाहीला गाडी एका दुपारी चिकटवता आली असेल. पण तबकडी म्हणून 'कॉल ऑफ द व्हॅली'ला जे जमलं नाही, ते राग पॅटने निदान करून पाहिलं. खोरं नुसतं सुंदर नसतं, हे त्याने मान्य केलं. पहिलीत कौशल्य पूर्ण आहे आणि जग अर्धं. दुसरीत जग पूर्ण आहे आणि कौशल्य आडरानात सोडलेलं. दोन्ही एकाच माणसाला साधलं तर फार मोठी गोष्ट होईल. तोपर्यंत ही भरपाई ऐकणाऱ्याने करायची.

ती कशी करायची, याची माझी पद्धत सांगतो. 'कॉल ऑफ द व्हॅली' जेवताना लावायची नाही. तिला सॅलडसारखं ताटाच्या कडेला वाढून आपण तिचं फार नुकसान केलं आहे. पहिली बाजू सकाळी लावायची, आणि सुरुवातीची काही मिनिटं संतूर-बासरीला नमस्कार करून फक्त गिटारवर कान ठेवायचा. सूर सुटला, की तो पोचेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोडलेली इंजिनं जशी चढणभर रेटतात आणि वर पोचल्यावर नावही न सांगता सुटून जातात, तशी ही गिटार त्या दोघांना मागून रेटत असते. आणि मुख्य म्हणजे खिडकी उघडी ठेवायची. मग काब्रांच्या मींडेत महामार्गाची घरघर मिसळते, लौजीच्या बाजूने लोकल शिटी देते, कुणाचं तरी म्हसरू हंबरतं, आणि जोशींच्या स्टुडिओत जे शिरू शकलं नाही ते सगळं आत येतं. फाहीला जे आवाज मुद्रित करून आणावे लागले, ते आम्हाला खालापूरला फुकट मिळतात. टोल फक्त मोटारींना आहे.

परवा असंच सकाळी लावून बसलो होतो. पिलू संपत आला होता, आणि दांडी वरच्या सुरावरून खाली निघाली होती. तेवढ्यात खालून दादांनी खरोखरीची हाळी दिली, "भाऊ, दूऽऽध!" दोन्ही सूर इतके शेजारी शेजारी पडले, की स्वयंपाकघरातून आमची ही पातेलं घेऊन बाहेर आली आणि कपाटाकडे, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरकडे बघून म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, अर्धा लिटर जास्त द्या आज."